ज्याचे पाय त्याच्या घरी

बूटमावशीचं आणि नदीचं पटत नाही. शेजारपाजारचे लोक संध्याकाळी काठावर हवा खायला जातात. ही गेल्या नऊ वर्षांत एकदाही गेलेली नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणते, "तिला माझं घर ठाऊक आहे. भेटायचं असलं की तीच येते."

घर नदीपासून तिसऱ्या गल्लीत, रस्त्याला लागून, तळमजल्यावर. पुढची खोली दुकानाची, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. घरात माणसं दोन, बूटमावशी आणि तिची नणंद. मावशी नणंदेला वन्सं म्हणते, म्हणून आपणही वन्संच म्हणू. मावशीचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता भावजय माहेरी जाईल, नाहीतर नणंद सासरी. पण वन्संनी लग्न केलं नव्हतं आणि मावशीला माहेर उरलं नव्हतं. तेव्हा दोघी राहिल्या इथेच, आणि भांडत राहिल्या. आज तीस वर्षं झाली. एका खोलीत बसून एका बुटावर काम करणाऱ्या दोन बायका भांडल्या नाहीत तर दिवस जायचा कसा?

बाजारात तयार बूट ढिगानं मिळतात, पण ते सरळ पायांच्या माणसांसाठी. बेकरीवाल्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. शाळेच्या मोठ्या बाईंचं अंगठ्याजवळचं हाड इतकं बाहेर आलंय की तयार चपलेत त्यांना दहा पावलं चालवत नाही. अशांची वाट शेवटी बूटमावशीच्या दाराशी येते. ती अशा प्रत्येकाचा फर्मा करते. फर्मा म्हणजे लाकडात कोरलेला पाय, हाडासकट, गाठीसकट. त्यावर चामडं ताणायचं, ठोकायचं आणि बूट उभा करायचा. कोरणं मावशीचं, वरचं चामडं शिवणं वन्संचं. दुकानाच्या तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पावणेदोनशे जोड पाय, टाचेवर नंबर घातलेले. नवीन माणूस आत आला की आधी दचकतो आणि मग आपल्या पायांकडे बघतो.

हे दुकान वन्संच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं. त्यांचा एक नियम होता, आणि तो वन्संनी मुलगी म्हणून आणि मावशीनं सून म्हणून हजार वेळा ऐकला होता: फर्मा दुकानाबाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक रडो, चिडो, गाव सोडून जावो, फर्मा फळीवरच राहील. कारण उघड होतं. ज्याच्या हाती फर्मा, त्याच्या हाती गिऱ्हाईक. एकदा का माणूस आपला फर्मा काखेत मारून निघाला की तो कुठल्याही दुकानाची पायरी चढायला मोकळा. म्हातारा शेवटच्या आजारात बायकोचं नाव विसरला होता, पण फळ्यांवरचे जोड मोजायला विसरत नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं. घरात पाणी शिरताना माणूस गाद्या उचलतो, कागदपत्रं उचलतो. लाकडाला काय धाड भरलीय, असं म्हणतो. पण लाकूड तरंगतं. पाण्यानं फर्मे फळ्यांवरून अलगद उचलले आणि दारातून बाहेर नेले. पुढचे दोन दिवस गावभर लाकडाचे पाय सापडत होते. एक गटारात, एक बागेतल्या बाकाखाली, आणि एक जोड बँकेच्या पायरीवर अगदी सरळ उभा, बँक उघडायची वाट बघत. लोक हसले. मावशीही हसली. सापडले तेवढे फर्मे तिनं गोळा केले, पुसले आणि लवकर वाळावेत म्हणून गच्चीवर कडक उन्हात मांडले. तिथे तिची चूक झाली.

ओलं लाकूड सावलीत, महिनोन् महिने वाळवायचं असतं. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण दुकान बंद होतं, घाई होती, आणि घाईत शहाणपण आधी जातं. फर्मे वाळले, दिसायला जसेच्या तसे. आतून मात्र पिळले होते, केसाएवढे. त्यातल्याच एका जोडावर तिनं पोस्टमनचे बूट केले. पोस्टमनला साखरेचा आजार. पायाला काही टोचलं तरी कळायचं नाही. बूट चावतोय हे त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम चिघळली होती आणि उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

त्यानं मावशीला एक शब्द लावला नाही. बरा झाल्यावर पुन्हा तिच्याकडेच आला. तेच तिला जास्त लागलं. उन्हात वाळवलेला एकूण एक फर्मा तिनं कुऱ्हाडीनं फोडला आणि जाळला. पुढची दीड वर्षं ती नव्यानं पाय कोरत होती. तेव्हापासून तिनं मनाशी एक ठरवून टाकलं होतं: घर बुडालं तर बुडू दे, पण पुन्हा फर्मे भिजू द्यायचे नाहीत.

यंदा भोंगा लावलेली गाडी गल्लीत आली ती मंगळवारी सकाळी. धरणाचे दरवाजे उघडणार, गुरुवार दुपारपर्यंत खालच्या गल्ल्यांत पाणी येईल, मौल्यवान वस्तू उंचावर हलवा. गाडीबरोबर एक तरुण अधिकारी दारोदार फिरून नोंदी करत होता. मावशीच्या दारात येऊन त्यानं विचारलं, "घरात मौल्यवान काय काय आहे, आजी?"

मावशीनं भिंतींकडे हात केला. त्यानं तीनही भिंती बघितल्या, आपल्या पायांकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, 'लाकडी सामान.'

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता.

वर टायपिस्टबाई राहत. त्यांचं बिऱ्हाड दीड खोलीचं, आणि त्यांनी पलंगाखालची सगळी जागा आपण होऊन देऊ केली. तिथे फार तर तीस जोड मावले असते. उरलेल्यांचं काय करायचं? दुपारी बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या मालकाचा माणूस येऊन गेला. काचेचं दार, आत गार हवा, असं ते दुकान. निरोप फार गोड होता: आमचा दुसरा मजला कोरडा आहे, गाडी पाठवतो, सगळे फर्मे आमच्याकडे ठेवा, पाणी ओसरलं की परत न्या.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला आम्ही अजून म्हाताऱ्या झालो नाही," वन्सं म्हणाल्या. वन्सं चौसष्ट वर्षांच्या होत्या.

तो माणूस गेल्यावर मावशीनं फळ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "वन्सं, ज्याचे पाय त्याच्या घरी पाठवू."

वन्संच्या हातातली सुई थांबली. "काय म्हणालात वहिनी?"

"आपली बरीचशी गिऱ्हाइकं वरच्या अंगाला राहतात. ज्यानं त्यानं आपला जोड घेऊन जावा. जे आपल्यासारखे खालच्या गल्ल्यांत आहेत त्यांचे तेवढे टायपिस्टबाईंच्या पलंगाखाली."

"आणि मग ते जोड परत येतील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही आले तर नाही आले."

"दादांनी चाळीस वर्षं एक फर्मा दाराबाहेर जाऊ दिला नाही. आणि तुम्ही एका दिवसात दुकानच वाटायला निघालात. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, वहिनी. तो काचेवाला उद्या एकेकाला हाताला धरून आत नेईल. आपण काय करायचं? रिकाम्या फळ्या पुसत बसायचं?"

"बसू की. पुसायची सवय आहे आपल्याला."

"मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्या माणसाचं बोट गेलं वन्सं, माझ्या हातानं गेलं. दुकान गेलं तर दुसरं काहीतरी करून खाऊ. बोट कुठून आणून देऊ मी? नियम तुमच्या वडिलांचा आहे, कबूल. पण पोस्टमनच्या बुटात पाय त्यांचा नव्हता."

वन्सं उठल्या. त्या आत गेल्या आणि तासभर भांडी आपटण्याचा आवाज येत राहिला. मग बाहेर आल्या त्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि सुतळी घेऊन. "गुंडाळणार कशात, काही विचार केलाय का?" एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या मावशीशी दुसरं काही बोलल्या नाहीत.

फोन करायचं काम मावशीकडे आलं, आणि फोनवर गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही. "उद्या दुपारच्या आत येऊन तुमचे पाय घेऊन जा," असं ती थेट सांगायची. शाळेच्या मोठ्या बाईंच्या नवऱ्यानं घाबरून फोनच ठेवून दिला. बेकरीवाला मात्र टेम्पो घेऊन आला, स्वतःच्याबरोबर आपल्या भागातले आणखी बावीस जोड घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवतो, ऊब राहील." त्याला थांबवून मावशीनं त्याची अशी काही खरडपट्टी काढली की त्यानं ते पाव थंड करायच्या खोलीत ठेवायचं कबूल केलं. बुधवारी दिवसभर माणसं येत होती. प्रत्येकजण आपला पाय हातात घेऊन जरा वेळ उलटसुलट बघायचा. आपली गाठ, आपलं वाकडेपण असं हातात घेऊन बघायची पाळी माणसावर सहसा येत नाही. एक बाई तर फर्मा छातीशी धरून गेली.

वन्सं दाराशी बसून प्रत्येक जोडाचा नंबर पाटीवर खोडत होत्या. त्यांचा चेहरा मयताच्या घरी बसल्यासारखा होता.

पोस्टमन सगळ्यात शेवटी आला. मावशीनं त्याचा जोड दोन वेळा गुंडाळला, वर मेणकापड बांधलं. "कोरड्या जागी ठेवा भाऊ. टपालाची पाकिटं नाहीत ती."

"तुमच्या हातचं आहे, जपून ठेवीन," तो म्हणाला.

मग घर आवरायला घेतलं. ते दोघींना पाठ होतं. संडासाच्या भांड्यात चिंध्यांचा बोळा कोंबून त्यावर वाळूचं पोतं ठेवलं, कारण पुराचं पाणी दारातून नंतर येतं, आधी तिथून येतं. गॅसचा सिलिंडर बंद करून खिडकीच्या गजाला बांधला. नाहीतर तो तरंगत फिरतो आणि दिसेल त्याला धडका देतो. कपाटाचे सगळे खण काढून वर नेले, कारण भिजून फुगलेला खण पुन्हा म्हणून उघडत नाही. आतल्या खोलीचं दार फुगून चौकटीत अडकू नये म्हणून बिजागऱ्यांतून काढून आडवं बांधलं. शिवणयंत्राचं डोकं स्क्रू काढून सुटं केलं आणि दोघींनी मिळून जिन्यानं वर नेलं. प्रत्येक पायरीवर थांबून, कोण कुणाच्या बाजूला जास्त वजन टाकतंय यावर वाद घालत. कातडी टायपिस्टबाईंच्या गच्चीच्या जिन्यात गेली. मेन स्विच बंद केला. पलंग, गाद्या, लग्नातलं लाकडी कपाट मात्र खालीच राहिलं. टायपिस्टबाई म्हणाल्या, "अहो, कपाट तरी आणू या ना वर." मावशी म्हणाली, "जागा पायांना लागते. कपाट चालत नाही."

गुरुवारी दुपारी पाणी आलं, सांगितल्या वेळेला. सरकारी काम वेळेवर होतं ते फक्त अशा बाबतीत. दोघी वरच्या खिडकीत बसून बघत होत्या. पाणी गल्लीत वळलं, पायरीशी थोडं रेंगाळलं आणि ओळखीच्या माणसासारखं सरळ आत गेलं. नऊ वर्षांपूर्वीच्या खुणेच्याही वर वीतभर चढलं. खाली फळ्या बुडत होत्या, एकेक करत, आणि प्रत्येक फळी रिकामी होती.

"चढ," मावशी खिडकीतून खाली बघून म्हणाली. "चढ अजून. काय नेतेस ते बघू."

टायपिस्टबाईंना वाटलं, हिला ताप भरलाय. वन्सं हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

पाणी ओसरायला दोन दिवस लागले आणि चिखल काढायला नऊ. गाद्या गेल्या. कपाटाच्या फळ्या उकलल्या. भिंती कमरेच्या वरपर्यंत काळ्या झाल्या. घर मात्र उभं होतं, यंत्र चालत होतं, कातडी कोरडी होती. दहाव्या दिवशी मावशीनं दार सताड उघडलं आणि कामाच्या ठोकळ्यावर येऊन बसली.

कुणी आलं नाही.

आधी ती म्हणाली, लोकांची स्वतःची घरं आवरायची असतील. मग म्हणाली, रस्ते अजून खराब आहेत. तिसऱ्या आठवड्यात काही म्हणायचंच बंद झाली. टायपिस्टबाईंच्या पलंगाखालचे तीस जोड परत आले आणि एका फळीच्या कोपऱ्यात बसले. बाकीच्या फळ्या बघवत नव्हत्या. मावशी हट्टी होती, पण दगड नव्हती. तिला वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. ती दोन्ही गोष्टी वन्संपासून लपवत होती आणि वन्संना दोन्ही दिसत होत्या. मी सांगितलं होतं, हे वाक्य वन्संच्या जिभेवर दिवसातून दहा वेळा यायचं. त्यांनी ते दहाही वेळा गिळलं. भांडणाऱ्या माणसाकडून याहून मोठी माया कुणी मागू नये.

मग भाजीवालीनं बातमी आणली. पोस्टमन काचेच्या दुकानात दिसला होता. काखेत मेणकापडाचं पुडकं होतं.

ते ऐकून मावशी आत गेली आणि पाणी प्यायली. बाकी सगळे गेले असते तरी तिनं सोसलं असतं. हा जाईल असं तिला वाटलं नव्हतं. पण परत ठोकळ्यावर येऊन बसली तेव्हा म्हणाली, "जाऊ दे. जोड कोरडा राहिला ना? मग झालं." वन्संनी मान खाली घालून शिवण चालू ठेवली. टाके वाकडे पडत होते.

शनिवारी सकाळी पोस्टमन स्वतः दारात उभा राहिला. पायात जुन्या सपाता, एका हातात नवे कोरे चकचकीत बूट, दुसऱ्या हातात तो फर्मा. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"या," मावशी म्हणाली. "ओल आहे अजून, भिंतीला टेकू नका."

तो बसला. "खोटं कशाला बोलू, मावशी. दुकान पुन्हा उघडणार नाही असं लोक म्हणत होते. आणि काचेच्या दुकानात म्हणाले, फर्मा आहे ना, मग काय, आठ दिवसांत देतो. दिले त्यांनी. हुबेहूब फर्म्यावर केलेत, मी बसवून बघितले, कुठे केसाचा फरक नाही." त्यानं उजव्या पायाचा मोजा काढला. बोट नव्हतं त्या जागेच्या कडेला लालभडक चट्टा होता. "या वेळी मी रोज बघतो पाय, म्हणून लवकर दिसलं."

मावशी वाकली. चट्टा ताजा होता, कातडी फुटलेली नव्हती. तिनं सोडलेला श्वास वन्संना ऐकू गेला.

"फर्मा बरोबर आहे, मग बूट का चावतो?" पोस्टमननं विचारलं.

"फर्मा आठ वर्षांपूर्वीचा आहे," मावशी म्हणाली. "तुमचा पाय आजचा आहे. दर वेळी मी फर्म्यावर इथे, या बाजूला चामड्याची पातळ चकती लावते, आणि एक टाचेशी. किती जाड, ते त्या दिवशी तुमच्या पायाला हात लावून ठरवते. बूट झाला की चकती काढून टाकते."

"मग हे फर्म्यावर कुठे लिहिलेलं असतं?"

"कुठेच नाही."

ठोकळ्याच्या पलीकडे वन्संनी सुई खाली ठेवली. चाळीस वर्षं मोजलेल्या त्या लाकडाकडे त्या प्रथमच बघत असल्यासारख्या बघत होत्या.

पोस्टमननं फर्मा पुढे सरकवला. "घ्या मावशी. तुमच्या फळीवरच राहू द्या आता. लोकांनाही सांगतो. बेकरीवाला म्हणत होता, पुढच्या आठवड्यात येतो, त्यानंही तिथूनच करून घेतले, त्याचीही टाच घासतेय."

मावशीनं फर्म्याला हातही लावला नाही. "घरी न्या. नदी कुठे गेली नाहीये. सगळ्यांना सांगा, फर्मे आपापल्या घरीच राहतील."

"आणि उद्या मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो तर?"

"जा की," मावशी म्हणाली. "जाऊन आलातच ना?"

पोस्टमननं वन्संकडे बघितलं. त्याला त्यांचा स्वभाव ठाऊक होता. त्या आता फर्मा हिसकावून घेतील असं त्याला वाटलं असावं. वन्सं उठल्या. त्यांनी फर्मा घेतला, पदरानं पुसला, मेणकापडात नीट गुंडाळला, सुतळीची गाठ मारली आणि परत त्याच्या हातात दिला.

मावशीनं त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला, त्या चट्ट्याभोवती बोट फिरवलं आणि परत सोडला.

"संध्याकाळी या," ती म्हणाली. "दिवसभर चालून पाय सुजला की. मी माप तेव्हाच घेते."